‘जुत्सु’पासून ‘दो’पर्यंत : जपानी युद्धकलांची नवी परंपरा

२८ मार्च १८७६ रोजी जपानच्या मेइजी सरकारने एक छोटेसे फर्मान काढले. लष्कर आणि पोलीस यांतले अधिकारी आणि समारंभाच्या दरबारी पोशाखातले लोक वगळता यापुढे कोणी तलवार लावून हिंडू नये. कमरेला दोन तलवारी, एक लांब व एक आखूड, ही सामुराई वर्गाची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख होती. ती एका कागदाने गेली. त्याच वर्षी या वर्गाचे वंशपरंपरेने चालत आलेले तनखे बंद करून त्यांच्या हाती सरकारी रोखे देण्यात आले. सक्तीची लष्करभरती १८७३ मध्येच सुरू झाली होती. लढण्याचे काम आता शेतकऱ्याचा मुलगाही बंदूक घेऊन करणार होता.

आज आपण ज्यांना ‘प्राचीन जपानी युद्धकला’ म्हणतो, त्यांपैकी बहुतेकांचा आजचा घाट या फर्मानानंतरचा आहे. ज्युदोची स्थापना १८८२ ची, म्हणजे आपला ‘केसरी’ ज्युदोपेक्षा वर्षाने मोठा. कराटे ओकिनावाहून टोकियोत आले ते १९२२ साली. ऐकिदो हे नाव तर १९४२ चे. मुळे जुनी आहेत, यात शंका नाही. पण त्या मुळांवर जे झाड उभे राहिले, ते लढाई संपल्यावर लढाईच्या विद्येचे काय करायचे, या प्रश्नातून वाढले.

हा प्रश्न त्याआधीही एकदा पडून गेला होता. १६०३ मध्ये तोकुगावा घराण्याची सत्ता आली आणि शिमाबाराचे बंड १६३८ मध्ये मोडल्यावर जवळजवळ सव्वादोनशे वर्षे देशात मोठे युद्ध झाले नाही. सामुराई कारकुनी करू लागले, तलवार मात्र कमरेला राहिली. या काळात युद्धविद्येची शेकडो घराणी नांदत होती. त्यांना ‘र्‍यू’ म्हणत. शिष्य होताना शपथपत्रावर रक्ताचा ठसा उमटवण्याची रीत होती. घराण्याच्या गुंडाळ्यांमध्ये डावांची नुसती नावे असत. ज्याने गुरूसमोर बसून विद्या घेतली त्यालाच त्यांचा अर्थ लागे. आपल्याकडचे जुने गवय्ये चीज द्यायला जसे नाखूश असत, तसाच हा प्रकार. शिकवण्याचे साधन ‘काता’, म्हणजे दोघांनी करायचा ठरीव हालचालींचा क्रम. खऱ्या तलवारीने सराव केला तर शिष्यच उरणार नाहीत, म्हणून हा मार्ग. अठराव्या शतकात बांबूच्या कांबींची ‘शिनाई’ आणि मुखवटा, छातीचे कवच, हातमोजे असा सरंजाम रुळला आणि पूर्ण जोराने वार करणे शक्य झाले. आजच्या केंदोचे रूप इथून सुरू होते.

१८७६ चा धक्का मात्र वेगळा होता. यावेळी विद्येबरोबर ती बाळगणारा वर्गच मोडला. शोगुनच्या पदरी तलवारबाजीचे शिक्षक असलेले साकाकिबारा केनकिची यांनी फर्मानाच्याही आधी, १८७३ मध्ये, असाकुसा भागात तिकीट लावून तलवारबाजीचे खेळ सुरू केले. सुमोच्या दंगलीसारखे दोन पक्ष, पुकारा करणारे, प्रेक्षकांची झुंबड. अनेकांना ही विटंबना वाटली. पण बेकार झालेल्या वस्तादांची चूल त्यावर पेटली आणि विद्या हातात राहिली, हेही खरे. पुढे १८७७ च्या सात्सुमा बंडात तलवारधारी पोलिसांची तुकडी उपयोगी पडली आणि पोलीस खात्याने या सरावाला आश्रय दिला. केंदो जगले ते मुख्यतः पोलिसांच्या तालमींत.

जुजुत्सुची, म्हणजे निःशस्त्र झुंजीच्या विद्येची, स्थिती आणखी वाईट होती. कानो जिगोरो (१८६०–१९३८) हा सुखवस्तू घरातला, अंगाने किरकोळ मुलगा. दांडग्या मुलांचा मार चुकवण्यासाठी त्याला ही विद्या हवी होती. पण टोकियोत शिकवणारा सापडेना. शेवटी त्याने हाडवैद्यांची दारे ठोठावली. निखळलेले सांधे बसवणे हा जुजुत्सुच्या जाणकारांचा जोडधंदा असे, आणि शिष्य गेल्यावर तोच धंदा उरला होता. अशाच एका हाडवैद्याकरवी कानो यांना फुकुदा हाचिनोसुके हे गुरू मिळाले.

टोकियो विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या कानो यांनी १८८२ मध्ये एइशोजी या बौद्ध मंदिरातल्या बारा चटयांच्या खोलीत ‘कोदोकान’ सुरू केले. त्यांनी केले काय? दोन घराण्यांची विद्या एकत्र केली. जीवघेणे डाव मोकळ्या झुंजीतून काढून कातापुरते ठेवले. पडावे कसे, हे आधी शिकवले. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ‘का’ या प्रश्नाला उत्तर दिले. प्रतिस्पर्ध्याचा तोल आधी ढळवायचा, मग डाव मारायचा. ताकद कमी लागते ती यामुळे. जुन्या गुरूंना हे येत होते, पण ते सांगत नसत, करून दाखवत. कानो यांनी त्याचे व्याख्यान केले. रक्ताच्या ठशाची जागा अभ्यासक्रमाने घेतली. क्रम दाखवणारी ‘दान’ श्रेणीही १८८३ मध्ये त्यांनीच सुरू केली. आज गल्लीबोळातल्या कराटे वर्गात मुलांच्या कमरेला जे रंगीत पट्टे दिसतात, त्यांचे मूळ मठात किंवा रणांगणात नाही, मेइजी काळातल्या एका शिक्षणतज्ज्ञाच्या वर्गात आहे.

नावातही त्यांनी बदल केला. ‘जुत्सु’ म्हणजे तंत्र, हुन्नर. ‘दो’ म्हणजे मार्ग. चिनी ‘ताओ’चेच हे अक्षर. मृदुतेचे तंत्र होते, त्याचा मृदुतेचा मार्ग झाला. माणूस घडवण्याचे साधन म्हणून ही विद्या शाळेत आणता येईल, असा कानो यांचा आग्रह होता. ते स्वतः टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्रमुख होते आणि १९०९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर गेलेले पहिले आशियाई सदस्य. या विचाराचा धागा भारतापर्यंतही आला : रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून ज्युदोचे शिक्षक ताकागाकी शिंझो १९२९ मध्ये शांतिनिकेतनात आले आणि मुलांबरोबर मुलीही ज्युदो शिकल्या.

पण माणूस घडवायचा तो कशासाठी, हे एकटे कानो ठरवणार नव्हते. चीनवरच्या विजयाच्या वर्षी, १८९५ मध्ये, क्योटोत ‘दाई निप्पोन बुतोकुकाई’ ही संस्था निघाली आणि युद्धकला राष्ट्राभिमानाच्या छत्राखाली आल्या. १९११ मध्ये माध्यमिक शाळांना केंदो-ज्युदो शिकवण्याची मुभा मिळाली, १९३१ मध्ये ते सक्तीचे झाले. ‘बुशिदो’ हा शब्द जगभर नेणारे नितोबे इनाझो यांचे पुस्तक मुळात इंग्रजीत, अमेरिकेत, एका ख्रिस्ती जपानी विद्वानाने पाश्चात्त्य वाचकासाठी लिहिलेले आहे. १९०० च्या सुमारास ते आले आणि जपानी भाषांतर नंतर झाले. आपली परंपरा परक्याला समजावून सांगताना ती आपल्यालाही नव्याने दिसते, हा अनुभव वसाहतकाळातल्या भारतीय वाचकाला अनोळखी नाही.

कराटेची कथा यात सर्वांत बोलकी आहे. ओकिनावा म्हणजे पूर्वीचे र्‍युक्यू राज्य. जपानने ते १८७९ मध्ये गिळले. तिथली ही विद्या चिनी संस्कारातून वाढलेली आणि नावही ‘चिनी हात’ अशा अर्थाचे. फुनाकोशी गिचिन या शाळामास्तरांनी १९२२ मध्ये टोकियोत प्रात्यक्षिक दाखवले. कानो यांनी त्यांना कोदोकानमध्ये बोलावले. मग ज्युदोचा पांढरा पोशाख आला, पट्टे आले. चीनशी वैर वाढत असताना नावातले ‘चिनी’ हे अक्षर खुपू लागले. त्याच उच्चाराचे पण ‘रिकामा’ अर्थाचे अक्षर तिथे बसवले गेले, आणि १९३६ मध्ये नाहा शहरातल्या वस्तादांच्या बैठकीने त्याला मान्यता दिली. उच्चार तोच, वंशावळ बदलली. आपल्याकडे बोधिधर्माने कराटे भारतातून नेले असे अभिमानाने सांगतात. बोधिधर्माचा आणि शाओलिनच्या व्यायामाचा संबंध जोडणारा ग्रंथ सतराव्या शतकातला आहे, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांनी लिहिलेला. वंशावळी जुळवण्याची हौस सगळ्यांनाच असते.

युद्धकाळात शाळांतल्या या तासांचे रूपांतर सरळसरळ लष्करी तयारीत झाले. साहजिकच १९४५ च्या पराभवानंतर शाळांत युद्धकलांवर बंदी आली आणि १९४६ मध्ये बुतोकुकाई बरखास्त झाली. परतीचा रस्ता खेळाच्या नावाने काढावा लागला. केंदोच्या मंडळींनी तर पूर्वीच्या आठवणी पुसण्यासाठी ‘शिनाई क्योगी’ नावाचा हलक्या पोशाखातला, तलवारबाजीच्या पाश्चात्त्य खेळाजवळ जाणारा प्रकार उभा केला. अखिल जपान केंदो महासंघ १९५२ मध्ये स्थापन झाला.

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदो प्रथमच आले. त्यासाठी बांधलेल्या निप्पोन बुदोकान सभागृहात, खुल्या गटाच्या अंतिम लढतीत नेदरलँड्सच्या आंतोन गेसिंकने कामिनागा आकिओला जमिनीवर दाबून धरून हरवले. सभागृह सुन्न झाले. गेसिंकचे पाठीराखे आनंदाने चटईवर धावून येऊ लागले, तेव्हा त्याने हात उंचावून त्यांना थांबवले आणि प्रतिस्पर्ध्याला वाकून नमस्कार केला. जपानी माणसाला पराभवाइतकाच तो हातही लक्षात राहिला. केंदो मात्र ऑलिंपिकपासून आजवर कटाक्षाने दूर राहिले आहे. त्यात गुण मिळाल्यावर हात उंचावून जल्लोष केला तर मिळालेला गुणही रद्द होऊ शकतो.

२०१२ पासून जपानच्या कनिष्ठ माध्यमिक शाळांत युद्धकला पुन्हा सक्तीच्या झाल्या. यावेळी वादाचा मुद्दा राष्ट्रवादाबरोबरच दुसराही होता. समाजशास्त्रज्ञ उचिदा र्‍यो यांनी शाळांच्या नोंदी चाळून दाखवले की १९८३ नंतरच्या तीन दशकांत शाळेत ज्युदो खेळताना शंभराहून अधिक मुले दगावली, त्यांतली बरीच डोक्याला मार लागून. पडायला आधी शिकवा, हा कानो यांचा पहिला धडा. तो नीट न शिकवताच नवख्या मुलांवर डाव मारले जात होते. त्यानंतर शिक्षकांसाठी नियम कडक झाले. मार्च २०२२ मध्ये ज्युदो महासंघाने प्राथमिक शाळकरी मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. वजन घटवायला लावलेली लहान मुले आणि कडेने पंचांवर ओरडणारे पालक-प्रशिक्षक, ही त्यामागची कारणे होती.