सर्पदंशाच्या लशीमागचे घोडे

करी रोड स्टेशनातून बाहेर पडून भारतमाता सिनेमावरून परळकडे चालत गेलं, की केईएम रुग्णालयाच्या शेजारी हाफकिन संस्थेची जुनी वास्तू लागते. मुंबईच्या गव्हर्नरांचं हे एके काळचं निवासस्थान. वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा १८९९ मध्ये इथे हलवली गेली. प्लेगची लस त्यांनी आधी सशांवर आजमावली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. पुढे याच संस्थेचं नाव सर्पदंशावरच्या लशीशी कायमचं जोडलं गेलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांचा सगळ्यात अवघड प्रश्न या लशीच्या कुपीत आहे.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष अगदी थोड्या मात्रेत घोड्याला टोचतात आणि मात्रा हळूहळू वाढवत नेतात. घोड्याच्या रक्तात विषाला निकामी करणारी प्रतिपिंडं तयार होतात. मग मानेच्या शिरेतून रक्त काढतात. त्यातला रक्तद्रव घेऊन तांबड्या पेशी पुन्हा घोड्याला देण्याची पद्धत आहे. तशा दिल्या, तर त्याला रक्तक्षय होण्याचा धोका बराच कमी होतो. टोचल्या जागी गाठी आणि गळवं मात्र होऊ शकतात. पुढे रक्तद्रवातून प्रतिपिंडं वेगळी करून शुद्ध केली, की औषध तयार होतं. पण एवढ्यावर भागत नाही. औषधाची ताकद मोजण्यासाठी विष आणि औषध एकत्र करून उंदरांना टोचतात आणि किती उंदीर जगले ते मोजतात. औषध अपुरं पडलं, तर उंदीर विषाने तडफडून मरतात.

भारतात सर्पदंशाने दरवर्षी सुमारे ५८ हजार माणसं दगावतात असा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यापाड्यांतली, शेतात राबणारी. म्हणूनच ‘हे सगळं आजच बंद करा’ असं मी म्हणणार नाही. पण गरज आहे म्हणून प्राण्याचे हाल चालतील, हेही मला मान्य नाही.

१९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा प्रयोगांना मनाई करत नाही. त्यांच्यावर देखरेखीसाठी समिती नेमतो. १९९८ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेची नोंदणी लागते आणि प्रयोग आधी संस्थेच्या नीतिसमितीपुढे मांडावा लागतो. या समितीत पशुवैद्य, बाहेरचा शास्त्रज्ञ, शास्त्रज्ञ नसलेली एक व्यक्ती आणि सरकारी समितीचा प्रतिनिधी असतो. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा वापरू नये, केवळ हात बसावा म्हणून प्रयोग करू नये, असं कायदाच सांगतो. रचना चांगली आहे. पण सरकारी समितीचा आदेश किंवा तिने घातलेली अट मोडली, तर कायद्यातला दंड जास्तीत जास्त दोनशे रुपये! १९६० सालची ही रक्कम आज कुणाला रोखणार? मागच्या दशकात या लशीसाठी घोडे ठेवणाऱ्या देशातल्या पागांच्या सरकारी पाहणीत अशक्त, जखमी घोडे आढळल्याच्या बातम्या आल्या होत्या. पाहणीचे अहवाल दरवर्षी लोकांसमोर यायलाच हवेत.

पर्याय मूळ धरत आहेत. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी भारताने २०१४ मध्ये बंद केली. औषधांच्या चाचण्यांत प्राण्यांऐवजी पेशी किंवा चिपवरच्या ऊतींचा वापर करण्याची मुभा २०२३ मध्ये नियमांत आली. सर्पविषाच्या बाबतीत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी घोड्याविना, प्रयोगशाळेत घडवलेलं एक प्रतिपिंड २०२४ मध्ये जाहीर केलं. नाग आणि मण्यार यांच्या कुळातल्या सापांच्या विषात चेतासंस्था लुळी पाडणारी जी द्रव्यं असतात, त्यांतल्या एका मोठ्या गटाला ते अडवतं. घोणस आणि फुरशाचं विष रक्त आणि ऊतींवर घाला घालतं; त्याची घडण वेगळी असल्याने तिथे हे प्रतिपिंड लागू पडत नाही. त्यासाठी वेगळी प्रतिपिंडं शोधावी लागतील. ती स्वस्तात बनवून ग्रामीण रुग्णालयांत पोचवावी लागतील आणि तोवर पागेतल्या घोड्यांना पुरेशी विश्रांती, पोटभर चारा आणि रोज तपासायला पशुवैद्य मिळायला हवा.