ब्रेक कधी लागतो, कधी नाही

ब्रेकचे काम करून गाडी घरी येते, दोन दिवस ठीक चालते आणि मग एखाद्या उतारावर पेडल खोल जाते. दुसऱ्यांदा दाबले की लागते. गॅरेजमध्ये परत नेली, तर मिस्त्री एक चक्कर मारून सांगतात, "एकदम ओके आहे." मे महिन्यात अम्मी-अब्बा आणि मुलांना घेऊन कशेडी घाट उतरायचा असेल, तर एवढ्यावर विसंबू नये.

येणारा-जाणारा दोष पकडायचा, तर तो नेमका केव्हा येतो हे टिपून ठेवावे लागते. गाडी थंड होती की गरम? वळणानंतर झाले की सिग्नलला उभे असताना?

कामानंतर लगेच पेडल स्पंजासारखे लागत असेल आणि दोन-तीनदा दाबल्यावर घट्ट होत असेल, तर पहिला संशय पाइपात राहिलेल्या हवेवर घ्यावा. ऑइल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. पायाचा जोर तिथेच खर्च होतो. एबीएसच्या काही गाड्यांत ही हवा काढायला स्कॅनर लागतो. साध्या गॅरेजात ती आत राहून जाते.

फक्त लांब उतारानंतरच होत असेल, तर ब्रेक ऑइल पाहा. ते हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरल्यावर हीच मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. घाटात सतत ब्रेक दाबून ऑइल तापते, त्याची वाफ होते आणि पेडल बसते. गार झाले की पुन्हा ठीक! म्हणूनच गॅरेजच्या अंगणात काही सापडत नाही.

सिग्नलला हलका पाय ठेवला असताना पेडल हळूहळू खाली जाते, पण गळती दिसत नाही? मग मास्टर सिलिंडरच्या आतली रबरे तपासून घ्या. वळणानंतर किंवा खड्ड्यांनंतरच पहिला ब्रेक खोल जात असेल, तर चाकाचे बेअरिंग सैल असू शकते. पेडल दगडासारखे कडक होत असेल, तर इंजिन बंद ठेवून ते चार-पाचदा दाबा, दाबूनच धरा आणि गाडी सुरू करा. पेडल थोडे खाली गेले नाही, तर दोष बूस्टरमध्ये किंवा त्याच्या नळीत आहे. एकच चाक जास्त तापत असेल, तर तिथला कॅलिपर अडकतोय.

टिपलेला कागद मिस्त्रींना द्या आणि त्यांना शेजारी बसवून, गाडी तापेपर्यंत फिरवा. पेडल तळाला जात असेल किंवा ऑइल कमी होत असेल, तर मात्र चालवू नका, टोच करून न्या. चालत्या गाडीत पेडल बसलेच, तर ते भराभर दाबत राहा, गिअर उतरवा, हँडब्रेक हळूहळू ओढा.

आणि नवे ऑइल भरताना सीलबंद बाटली आपल्यासमोर उघडायला सांगा. अर्धी वापरून ठेवलेली नको.