काच सरकू लागली तेव्हा

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत खिडकीखालच्या मेजावर आम्ही जी पेटी मांडली होती तिचा सरंजाम साधाच होता: तळाशी गरम पाण्याच्या हौदावर ठेवलेली पितळी पाटी, तिच्या 12 मिलिमीटर वर एक लांब काच, आणि ती काच एकाच संथ गतीने ओढता यावी म्हणून दोरी-कप्पीची तजवीज. आत उदबत्तीचा धूर सोडला, बाजूने दिवा लावला आणि वाट पाहत बसलो.

पाटी व काच यांच्या तापमानांत सुमारे 12 अंशांचे अंतर पडेपर्यंत धूर निश्चल होता. मग त्यात बहुकोनी घरे उमटली, ज्यांच्या मध्यातून हवा खाली उतरत होती आणि कडांनी वर चढत होती. (तेलाच्या थरात नेमके उलट घडते, कारण उष्णतेने तेल पातळ होते, हवेची श्यानता मात्र वाढते.)

काच सरकू लागताच ही घरे लांबट झाली, फाटली, क्षणभर सारा गोंधळ माजला. प्रवाहाच्या ओढीने अभिसरण मोडून पडेल, असा माझ्या विद्यार्थ्याचा कयास होता. परंतु मिनिटभराच्या आत त्या गोंधळातून धुराचे सरळ दोर निघाले, सर्व ओढीच्या दिशेस समांतर, प्रत्येक थराच्या जाडीइतका रुंद, आणि शेजारचे दोन परस्परविरुद्ध पीळ घेणारे.

याचे कारण मला आजही अतिशय सुंदर वाटते. प्रवाहाला आडव्या पडलेल्या भोवऱ्याचा वरचा भाग पुढे खेचला जातो, खालचा मागे राहतो, आणि तो तिरपा होऊन क्षीण होतो. ज्याचा अक्षच प्रवाहाच्या दिशेस आहे त्याला ही ओढ बाधत नाही. लॉर्ड रॅली यांनी 1916 साली उत्प्लावनाचा जोर आणि त्याला आवरणारी श्यानता व उष्णतावहन यांचे जे गुणोत्तर मांडले, ते दोन घट्ट पाट्यांमध्ये 1708 झाले की अभिसरण सुरू होते. आणि प्रवाहाला समांतर भोवऱ्यांपुरता हा आकडा काच सरकत असतानाही 1708 च राहतो. ओढीचा अंमल चालतो तो फक्त दिशेवर. हिंदुस्थानच्या वेधशाळाखात्याचे प्रमुखपद 1924 साली सोडून लंडनला गेलेले गिल्बर्ट वॉकर तेथे ढगांच्या आकृतींचा उलगडा अशाच तापविलेल्या पातळ थरांत शोधीत होते. वाऱ्याच्या दिशेने लागणाऱ्या ढगांच्या लांब ओळी ज्याने पाहिल्या आहेत त्याला हे दोर अनोळखी वाटणार नाहीत.

काच संपली, दोरी थांबली. बहुकोनी घरे परत येतील म्हणून आम्ही वाकून पाहत राहिलो. पण हौदातले पाणी निवेपर्यंत ते दोर तसेच, ओढीच्या दिशेने, फिरत राहिले.