पुडी पोचवणारं पोर

फेब्रुवारी 2024 मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत पुणे पोलिसांनी मेफेड्रोन या अमली पदार्थाचा शेकडो किलो साठा पकडला. दौंड आपल्या जुन्नर-आंबेगावच्याच पुणे जिल्ह्यातलं. नारायणगाव, मंचर ही गावं तर वर्दळीच्या पुणे-नाशिक महामार्गावरची. इथल्या पालकांनी बेफिकीर राहू नये; अमली पदार्थाची पुडी पोचवायला कुणी पोरांनाही वापरू शकतो.

‘एवढी पुडी पोचव’ म्हणत पोराच्या हाती नोट टेकवणाऱ्याला बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 78 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आणि अशा जाळ्यात ओढलं जाण्याची शक्यता असलेलं मूल? कायद्याच्या लेखी त्याला काळजी आणि संरक्षणाची गरज आहे. त्याचं प्रकरण बालकल्याण समितीपुढे जातं. ही तरतूद फार मोलाची, पण गावोगावी पोचायला हवी.

मदतीसाठी चाइल्डलाइन 1098, व्यसनमुक्तीसाठी 14446. अमली पदार्थविक्रीची खबर 1933 वर नाव न सांगताही देता येते.