तीन सामन्यांची एक पैज

जुलैत आंबोलीत पाऊस पडेल, या पैजेला कोणी चांगला भाव देणार नाही. घाटातली ती जवळपास खात्रीचीच गोष्ट. क्रिकेट सट्ट्यातला भावही असाच शक्यतेवर ठरतो. फक्त सट्टेवाल्याने आपला वाटा त्यातून आधीच कापलेला असतो. (हा सट्टा बेकायदा आहे, हे वेगळेच.)

दोन्ही संघ तुल्यबळ असतील तर १०० रुपयांचे २०० मिळायला हवेत. मिळतात, समजा, १९०. म्हणजे सरासरी ५ रुपये गेले. आता तीन सामन्यांचे विजेते एकत्र ओळखायची पैज घ्या. याच भावाने तिन्ही बरोबर आले तर ६८६ रुपये! आकडा भुरळ घालतो. पण तिन्ही जुळण्याची शक्यता आठात एक, म्हणजे रास्त रक्कम ८००. इथे शंभरामागे सरासरी १४ रुपये जातात. सामने वाढवले की खड्डाही वाढतो.

त्याहून घातक असते ते ‘दोन आले, एकच हुकला’. थोडक्यात हुकलेला डाव मेंदूतल्या बक्षिसाशी निगडित भागांना चेतवतो, असे जुगारावरच्या प्रयोगांत दिसले आहे. हरलेल्यालाच पुन्हा खेळावेसे वाटते. मग गेलेले पैसे वसूल करायला आणखी लावणे, घरच्यांपासून लपवणे, उसनवारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत हा विकार आहे. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.