फिरत्या विक्रेत्याचे समाधान

आपल्या खानापूर-बेळगाव भागातले कितीतरी तरुण आज बियाणे, खते व पिकांवरील औषधे विकणाऱ्या कंपन्यांत फिरते विक्रेते आहेत. पगार बरा असतो, पण महिनाअखेर जवळ आली की झोप उडते, घरी चिडचिड होते. धंद्यात यश मिळवायचे की मनाचे सुख राखायचे, असे ते विचारतात. आमच्या मते दोन्ही साधतात. मात्र काही पथ्ये पाळावी लागतात.

टार्गेटचा आकडा सर्वस्वी विक्रेत्याच्या हाती नसतो. मृग कोरडा गेला तर भाताची पेरणी लांबते. पाऊस लागून राहिला तर फवारणी थांबते. आज किती गावे केली, किती शेतकऱ्यांच्या बांधावर गेलो, वसुली कोणाकोणाकडे मागितली, हे मात्र आपल्या हाती असते. रोज रात्री वहीत त्याची नोंद करावी. तेवढे चोख झाले असेल, तर उरलेल्यासाठी स्वतःला दोष देऊ नये. साहेबांपुढे उभे राहतानाही हीच वही कामी येते.

पुष्कळदा आकडा भरण्यासाठी महिनाअखेरीस दुकानदाराच्या गळ्यात माल मारला जातो. कागदावर विक्री दिसते, पण माल शेतात गेलेला नसतो. हंगाम सरला की तो परत येतो, उधारी अडकते आणि पुढचे टार्गेट अधिकच जड होते. महिनाअखेरची धास्ती पुष्कळ वेळा अशी आपणच वाढवलेली असते.

शेतकऱ्याला नको ते औषध देणे तर त्याहून वाईट. भातावर गरज नसता सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषध मारले, तर किडी खाणारे भक्षक कोळी मरतात आणि तपकिरी तुडतुडे उलट वाढतात. ज्याने औषध दिले त्याला मग त्या बांधावर पाय ठेवायला तोंड राहत नाही. याउलट, "अजून फवारणीची गरज नाही, चार दिवसांनी पुन्हा पाहू" असे सांगणाऱ्याला पुढच्या वर्षी शेतकरी आपणहून बोलावतो. डब्यावरील त्रिकोणाचा अर्थही समजावून द्यावा: तांबडा सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा व शेवटी हिरवा. फवारणीनंतर किती दिवस काढणी करायची नाही, तेही सांगावे. अशा विक्रीने झोप उडत नाही.

घरखर्च पक्क्या पगारावरच बसवावा. समजा, पगार 18,000 रुपये आहे आणि इन्सेन्टिव्ह कधी 6,000, कधी शून्य. मोटारसायकलचा हप्ता व मुलांची फी 18,000 तच बसली पाहिजे. वरचे पैसे पोस्टात वा बँकेत ठेवावेत. जे पैसे अजून हाती आले नाहीत ते आधीच खर्चून बसलेला माणूस साहेबाला कधीच "नाही" म्हणू शकत नाही.

दुपारी वडापाव आणि दिवसभर चहा, यावर शरीर फार काळ चालत नाही. घरची भाकरी-भाजी डब्यात न्यावी; गुटखा टाळावा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. रोज 25 मिनिटे भरभर चालले तरी तो पुरा होतो. तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब व साखर तपासावी. रात्रीच्या जेवणाच्या वेळी फोन बाजूला ठेवावा आणि आठवड्यातला एक दिवस घरच्यांना द्यावा.

नोकरी धरताना नियुक्तिपत्र मागून घ्यावे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ते देणे मालकावर बंधनकारक केले आहे. पगार, इन्सेन्टिव्ह व रजा यांच्या अटी लेखी असाव्यात.

वाचकहो, घरात असा मुलगा असेल तर संध्याकाळी तो आला की "आज किती विकलेस?" असे आधी विचारू नका. "जेवलास का?" असे विचारा.