वृक्षशल्यकर्म : वाहने व यंत्रसामग्री

उभ्या झाडांची छाटणी करणे, रोगट किंवा वाळलेल्या फांद्या काढणे, कमकुवत शाखांना तारदोराचा आधार देणे, धोकादायक झाड तुकड्यातुकड्यांनी खाली उतरविणे आणि उरलेला खुंट काढून टाकणे, या कामांना मिळून वृक्षशल्यकर्म म्हणतात. वनातील तोड व हे काम यांत महत्त्वाचा भेद आहे. वनात झाड मोकळ्या जागी एकसंध पाडता येते. शहरात झाडाखाली घर, रस्ता, कुंपण किंवा विजेच्या तारा असतात. त्यामुळे प्रत्येक फांदी दोराने बांधून उतरवावी लागते व उतरविलेला सर्व पाला, काटक्या आणि ओंडके त्याच दिवशी जागेवरून न्यावे लागतात. कापण्याला लागणारा वेळ थोडा आणि कापलेले हलविण्याला लागणारा वेळ पुष्कळ, हे या व्यवसायाचे मूळ लक्षण असून त्यातील वाहने व यंत्रे यांची निवड प्रामुख्याने त्यावरूनच ठरते.

इतिहास : हा व्यवसाय आधुनिक स्वरूपात रूढ करण्याचे श्रेय बव्हंशी अमेरिकेतील ओहायओ राज्यात स्थायिक झालेले जॉन डेव्ही (१८४६–१९२३) यांना दिले जाते. त्यांचा द ट्री डॉक्टर हा ग्रंथ १९०१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळात हातकरवत, दोर, शिडी व घोडागाडी एवढीच सामग्री असे. झाडातील पोकळ्या कोरून त्या सिमेंट काँक्रीटने भरण्याची पद्धत तेव्हा प्रचलित होती. पुढे ॲलेक्स शायगो या अमेरिकन वनसंशोधकांनी झाड कुजका भाग स्वतःच्या ऊतकांच्या भिंतींनी कसा वेगळा पाडते, याचे प्रतिमान १९७७ मध्ये मांडले. पोकळी कोरल्याने या भिंती फुटतात व कूज अधिक पसरते हे ध्यानात आल्यावर ती पद्धत मागे पडली. फांदी खोडाशी सपाट न कापता तिच्या बुडाशी असलेला फुगीर भाग राखून कापावी, हा नियमही याच संशोधनाने दृढ केला.

साखळी करवतीचा विकास जर्मनीत झाला. आंड्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी करवत बनविली, तर एमील लेर्प यांनी १९२७ मध्ये पेट्रोलवर चालणारी करवत थुरिंजियातील डोल्मार पर्वतावर चालवून पाहिली. या करवती धरण्यास दोन माणसे लागत. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या अळीचे जबडे पाहून १९४६-४७ च्या सुमारास नव्या आकाराच्या दातांची साखळी तयार केली. आजच्या साखळीचे दात मुख्यतः त्याच धर्तीचे आहेत. ब्रिटनमध्ये १९६० नंतरच्या दशकाअखेर उद्भवलेल्या डच एल्म रोगाच्या साथीत अडीच कोटींहून अधिक एल्म वृक्ष मेले. १६ ऑक्टोबर १९८७ च्या वादळात सु. दीड कोटी झाडे पडली. या दोन आपत्तींमुळे तेथे या व्यवसायाला व त्याच्या यांत्रिकीकरणाला मोठी चालना मिळाली.

साखळी करवत : हिचे एंजिन बहुधा द्विधाव एककोशी असते व त्यात पेट्रोल आणि तेल यांचे ५०:१ प्रमाणातील मिश्रण वापरतात. साखळीचा वेग सेकंदाला सु. २० मी. असतो. पट्टीच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला टेकल्यास करवत क्षणार्धात चालकाकडे उसळते. या उसळीपासून संरक्षणासाठी साखळीस गतिरोधक बसविलेला असतो. जमिनीवरील करवतीची मूठ मागे असते. झाडावर वापरण्याच्या हलक्या करवतीची मूठ वर असते. ही करवत एका हाताने धरण्याचा मोह होत असल्याने ती केवळ प्रशिक्षित चढणाऱ्यानेच वापरावी, असा संकेत आहे. कंपनांमुळे बोटांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावून बोटे पांढरी व बधिर होण्याचा विकार जडतो, म्हणून दिवसभरातील वापराचा काळ मोजून मर्यादित ठेवतात. साखळी बोथट झाली की करवतीतून जाड कीस न पडता बारीक भुकटी पडू लागते. त्या वेळी जोर न लावता गोल कानशीने दातांना धार लावणे इष्ट असते. २०१० नंतरच्या दशकात विद्युत् घटमालेवर चालणाऱ्या करवतींचा प्रसार झाला. त्या हलक्या, कमी आवाजाच्या व धूररहित असल्याने झाडावरील कामास विशेष सोयीच्या ठरतात.

चिपर : फांद्यांच्या ढलप्या करणारे हे यंत्र व्यवसायाच्या केंद्रस्थानी असते. दातेरी रूळ फांदी आत ओढतात आणि फिरत्या तबकडीवर किंवा पिंपावर बसविलेली पाती स्थिर ऐरणीसमोर तिचे तुकडे करून ते नळीवाटे वाहनात फेकतात. एंजिनाचा वेग घटू लागल्यास रूळ आपोआप थांबतात व वेग पूर्ववत झाल्यावर पुन्हा चालू होतात. पिसाऱ्यासारख्या पसरलेल्या फांद्यांत हवाच अधिक असल्याने त्या तशाच नेल्यास वाहन लवकर भरते. ढलप्या केल्यास तोच माल कितीतरी कमी जागेत मावतो. पात्यांची धार व पाते आणि ऐरण यांतील अंतर योग्य नसेल, तर ढलप्यांऐवजी चिंध्या निघतात, नळी तुंबते आणि इंधन वाया जाते. या यंत्राचा सर्वांत मोठा धोका म्हणजे कामगाराचे कपडे किंवा झाडावरून लोंबणारा दोर फांदीबरोबर आत ओढला जाणे. दोराचे दुसरे टोक चढलेल्या माणसाला बांधलेले असू शकते. म्हणून भरणमुखाच्या कडेला धक्का लागताच रूळ थांबविणारा दांडा असतो व दोर चिपरपासून दूर ठेवण्यासाठी वेगळा माणूस जबाबदार धरतात.

खुंट कुरतडण्याचे यंत्र व उचल-मंच : टंगस्टन कार्बाइडाचे दात असलेले चाक खुंटावरून आडवे फिरवून तो जमिनीखाली सु. २० ते ३० सेंमी. खोलीपर्यंत भुसा करून काढतात. खुंटाखाली वायुनलिका वा विजेची केबल असण्याचा संभव असल्याने आधी शोधकाने जागा तपासतात. यंत्रातून दगड उडत असल्याने भोवती पडदे उभारतात.

चढण्यास असुरक्षित झालेल्या झाडांसाठी द्रवचलित बाहूवरील उचल-मंच वापरतात. ॲश वृक्षांचा कवकजन्य मर रोग ब्रिटनमध्ये २०१२ साली प्रथम आढळला. या रोगाने वाळलेले लाकूड अत्यंत ठिसूळ होते व दोराचा भार घेईलच असा भरवसा राहत नाही. त्यामुळे तेथे अशा मंचांचा आणि लांब बाहूला पकड व करवत जोडलेल्या यंत्रांचा वापर वाढला. मंचाची सुरक्षितता त्याच्या टेकूपायांखालील जमिनीवर अवलंबून असते. पोकळ भराव किंवा गटाराचे झाकण यांवर टेकू ठेवल्यास मंच कलंडतो. १९९८ च्या ब्रिटिश नियमांनुसार माणसे उचलणाऱ्या साधनांची सामान्यतः दर सहा महिन्यांनी सखोल तपासणी करावी लागते.

वाहने व भारमर्यादा : चिपर ओढणारे व ढलप्या वाहणारे टिपर हे नेहमीचे वाहन होय. ब्रिटनमध्ये व्यवसायासाठी ३,५०० किग्रॅ.हून अधिक एकूण भाराचे मालवाहन चालविण्यास वेगळा परवाना लागतो, म्हणून बहुतेक लहान व्यावसायिक त्या मर्यादेतील टिपर घेतात. येथेच हिशेब चुकण्याचा संभव असतो. पेटी, हत्यारे, इंधन व तीन माणसे धरून वाहनाचे वजन २,५०० किग्रॅ.पर्यंत गेले, तर मालासाठी केवळ १,००० किग्रॅ. उरतात. ओल्या ढलप्यांचे वजन दर घ. मी.ला सु. ३०० किग्रॅ. धरल्यास सव्वातीन घ. मी.मध्येच मर्यादा संपते. पेटी मात्र पाच-सहा घ. मी.ची असली, तर ती बरीच रिकामी दिसत असतानाच वाहन अतिभारित होते. ओल्या ओंडक्यांचे वजन घ. मी.ला ८०० ते १,००० किग्रॅ. भरत असल्याने ते आणखी फसवे असतात. अतिभारामुळे थांबण्याचे अंतर वाढते, टायर फुटतात व अपघातानंतर विमा नाकारला जाण्याची शक्यता असते. गतिरोधक नसलेल्या ट्रेलरला तेथे ७५० किग्रॅ.ची मर्यादा आहे. सु. १५ सेंमी. जाडीची फांदी घेणारे अनेक चिपर याच वजनाच्या आत बसतील असे घडविलेले असतात.

देखभाल व खर्च : या व्यवसायातील वाहन रोज थोडेच अंतर चालते आणि दीर्घकाळ उभे राहून एंजिन चालविते. म्हणून तेल व गाळण्या बदलण्याचा काळ केवळ किलोमीटरांवर न ठरविता एंजिनाच्या चालू तासांवर ठरविणे योग्य असते. अशा वापरात डिझेल एंजिनाच्या निष्कासातील काजळी-गाळणी पुरेशी तापत नाही व चोंदते. अधूनमधून लांबचा प्रवास हा तिच्यावरील साधा उपाय होय. विमा, कर व घसारा हा खर्च यंत्र उभे असतानाही चालूच राहतो. त्यामुळे रोज लागणारी करवत व चिपर स्वतःचे असावेत आणि क्वचित लागणारे मंच किंवा खुंटयंत्र भाड्याने आणावे, असा सामान्य निष्कर्ष निघतो. शासकीय धोरणाचाही खर्चावर परिणाम होतो. ब्रिटनमध्ये कमी कराचे लाल डिझेल १ एप्रिल २०२२ पासून बहुतेक उद्योगांना बंद झाले, तर लंडनमधील उत्सर्जननियंत्रित क्षेत्र २९ ऑगस्ट २०२३ पासून शहराच्या सर्व विभागांना लागू झाले. त्यामुळे जुन्या डिझेल वाहनांना तेथे दैनिक आकार पडू लागला.

भारतातील स्थिती : भारतात हे काम मुख्यतः कुऱ्हाड, कोयता व दोर यांच्या साह्याने अनुभवी चढणारे करीत आले आहेत. महाराष्ट्रातील नागरी भागांत झाड तोडण्यासाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये परवानगी लागते. मुंबईसारख्या शहरांत पावसाळ्यापूर्वी रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी होते व त्यासाठी उचल-मंच असलेली वाहने आणि साखळी करवती वापरात आहेत. येथील झाडांमुळे काही वेगळे प्रश्न उद्भवतात. नारळाच्या झावळ्यांचे चिवट तंतू चिपरच्या फिरत्या भागांभोवती गुंडाळले जातात. वड व पिंपळ यांचा चीक करवतीच्या साखळीवर साचतो. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ असल्याने त्याच्या फांद्यांवर दोराचा भार देताना विशेष सावधगिरी बाळगावी लागते.

हाताने एक फांदी तोडण्यास लागत असे, तेवढ्या वेळात करवत अनेक फांद्या तोडते. चुकीचा काप घेतला गेल्यास झाडाची हानीही त्याच वेगाने होते. अतिछाटणी केलेले किंवा एकाच बाजूने कापलेले झाड तोल गमावते व पुढच्या वादळात पडण्याचा धोका वाढतो. म्हणून वाहने व यंत्रे यांच्या खरेदीबरोबरच ती चालविणाऱ्यांना यंत्राचे आणि झाडाचेही शिक्षण देणे, हा या व्यवसायाच्या यांत्रिकीकरणाचा अविभाज्य भाग ठरतो.